वच्छलाजिजीची पेठ

वच्छलाजिजीने माझं नाव विचारण्याआधी माझा हात हातात घेतला होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली ती बागलाणातल्या पिंपळसोंडे या गावी. मी इगतपुरीची. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या चाळीत, आणि वर्षातले चार महिने कपडे वाळत नाहीत हे गृहीत धरून वाढलेली. तिथून मी मोसम नदीच्या काठच्या या कोरड्या, उघड्या मुलखात आले. एसटीने मला थेट पेठेत, पाराजवळ उतरवलं. एका हातात ट्रंक, दुसऱ्यात वळकटी. खोली कुठे मिळेल हे विचारायला समोर दिसलं त्या बांगड्यांच्या दुकानाकडे गेले. ओट्यावर पन्नाशीची एक बाई बसली होती. फिकट लुगडं, मोकळं कपाळ, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत रिकामे.

"बठ," ती म्हणाली आणि माझा हात ओढून घेतला. अंगठ्याखालचं हाड चाचपलं, पंजा मिटवून पाहिला. "सव्वादोनचं माप. हाड बारीक, पण बोटं खरखरीत. खडू ना? मास्तरीन शे तू."

"हो. मला खोली पाहिजे होती..."

"खोली वर शे. जिना मागून. आधी बांगड्या भर, मग ट्रंक चढव. रिकाम्या हातांनी घरात शिरू नये."

त्या माडीवर मी पुढे नऊ वर्षं राहिले.

सुरुवातीला मी तिला अहोजाहो करत असे. महिन्याभराने तिने मला दटावलं, "जिजीला कोणी अहो म्हणतं का?" तेव्हापासून जिजी आणि तू. माझ्याशी बोलताना ती शहरी मराठीचा प्रयत्न करायची, पण दोन वाक्यं झाली की तिची अहिराणी वर यायचीच. नाव वच्छला, पण गावात लहानथोर सगळ्यांची ती जिजी.

पेठ म्हणजे चावडीपासून नदीपर्यंत उतरत गेलेला एकच सरळ रस्ता. दोन्ही अंगांना दुकानं. जिजीच्या समोर रघुनाथशेठचं कापडाचं दुकान, पुढे भांडीवाला, शिंपी, पिठाची गिरणी, आणि पाराला लागून सुपडूआप्पाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि भज्यांची कढई. एसटी चावडीकडून आत यायची, पाराला वळसा घालून माघारी जायची. गाडीतून उतरणारा माणूस पहिलं पाऊल पेठेतच टाकायचा. बुधवारी बाजार भरला की डोंगराकडच्या बायका पाट्या घेऊन येत, आणि माझ्या खोलीतून खाली पाहिलं तर रस्ता दिसत नसे, नुसती डोकी दिसत.

या गर्दीतली निम्मी बाईमाणसं जिजीच्या ओट्यावर टेकून जात. बांगड्या भरण्याची तिची एक रीत होती. हाताला तेलाचं बोट लावायची, पंजा दाबत दाबत बांगडी चढवायची, आणि बांगडी सगळ्यात अवघड जागी, बोटांच्या पेरांवर आली की बरोबर त्या क्षणी विचारायची, "माहेरी कोण कोण शे?" बाई सांगू लागायची, आई आहे, भाऊ आहे, आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर. दुखलेलं कळतच नसे. जी बाई या प्रश्नाला उत्तर देत नसे, तिच्याकडे जिजी एकदा नीट बघून घ्यायची.

बांगड्या बांधून द्या, घरी भरते, असं कोणी म्हटलं की तिला राग यायचा. "भाजी पिशवीत नेतात. बांगडी हातात न्यायची."

तिचे मालक वारले तेव्हा ती पस्तिशीची होती. मुलगा प्रकाश शाळेत. नवरा गेलेल्या बाईने नवरीला चुडा भरायचा नाही, असं गावातल्या काही जणांनी ठरवून टाकलं. चौदाव्या दिवशी जिजी दुकानात येऊन बसली. महिनाभर ओट्यावर कोणी फिरकलं नाही. ती रोज सकाळी दुकान उघडायची, बांगड्या पुसायची, संध्याकाळी बंद करायची. शेवटी भांडीवाल्याची बायको आपल्या लेकीला घेऊन आली. "शिकलेला हात विधवा होत नाही," असं जिजी मला एकदा म्हणाली होती. एरवी त्या महिन्याविषयी ती बोलत नसे.

पेठ तिला का हवी होती हे मला कळलं ते एका नव्या सुनेमुळे.

एका बुधवारी एक कोवळी मुलगी सासूबरोबर आली. शाळा सुटल्यावर मी शनिवारच्या परीक्षेसाठी कोरे कागद घ्यायला खाली उतरले होते, म्हणून तिथे होते. जिजीने तिची बाही जरा मागे सारली आणि थांबली. दंडावर बोटांचे निळे वळ होते. जिजीने तेलाचं बोट लावलं. बांगड्या भरल्या, आणि पेरांवर नेहमीचा प्रश्न विचारला. मुलगी गप्प राहिली. सासूच म्हणाली, "माहेरी कोण नाही तिला. काका शे, तोही लांब."

दुसऱ्या दिवशी जिजीने दुकान सुपडूआप्पाच्या बायकोवर सोपवलं आणि हिरव्या बांगड्यांची पेटी घेऊन त्या मुलीच्या घरी गेली. ओसरीवर बसली. "काल दोन बांगड्या कच्च्या दिल्या गेल्या, बदलायला आले," म्हणाली. बांगड्या बदलल्या, चहा घेतला, पण उठली नाही. शेजारणी जमल्या. नवरा आला, त्याने पाहिलं, आत गेला, बाहेर आला. जिजी तिथेच. निघताना त्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "मी दर बुधवारी हिचा हात पाहणार. माझी बांगडी शे, म्हणून."

आणि खरोखर ती मुलगी दर बुधवारी ओट्यावर येऊन बसायची. सासूने अडवलं नाही. कासारणीकडे जाऊ नको असं बाजाराच्या दिवशी कोण कोणाला सांगणार?

"बाई घरातून निघाली तर तिला जायला एक जागा पाहिजे," जिजी म्हणाली. "देऊळ शे, पण देवळात कोणी विचारत नाही, तुला काय झालं."

मग नाशिककडून येणारा मोठा रस्ता रुंद झाला. तो गावातून कधीच जात नव्हता, दीड-दोन किलोमीटर लांबून जायचा. त्या जागेला फाटा म्हणत. आधी फाट्यावर एक पंक्चरवाला होता. कांद्याच्या मार्केटला गावात जागा पुरेना, ते फाट्यावर गेलं. ट्रॅक्टर तिकडे गेले, त्यांच्यामागे चहाच्या टपऱ्या गेल्या, खतांची दुकानं गेली. गाडी आत वळवायला वेळ लागतो म्हणून एसटी फाट्यावरूनच परस्पर जाऊ लागली. आणि एका पावसाळ्यानंतर बुधवारचा बाजारही तिकडे भरला. कोणी बैठक घेतली नाही, दवंडी दिली नाही. डोंगराकडच्या बायका जिथे गाडीतून उतरल्या तिथेच त्यांनी पाट्या मांडल्या. त्यांचं काय चुकलं? डोक्यावर ओझं घेऊन दोन किलोमीटर कोण चालेल?

त्या बुधवारी मी खिडकीतून खाली पाहिलं तेव्हा मला रस्ता दिसला. पहिल्यांदाच पूर्ण, चावडीपासून नदीपर्यंत.

आपल्याकडे दुकान बंद केलं असं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. बांगडीही फुटत नाही, वाढते. पुढच्या दोन वर्षांत पेठेत हा शब्द फार ऐकला. शिंप्याने दुकान वाढवलं. गिरणीवाल्याने वाढवलं. शाळेत नव्याने आलेल्या एका गुरुजींना मी हे सांगत होते, तर ते म्हणाले, "वा, म्हणजे गावात धंदा चांगला आहे." मला हसू आलं नाही.

जिजीने पेठ परत उभी करायचं मनावर घेतलं ते कोणत्या दिवशी, मला सांगता येणार नाही. पण एका सकाळी मी शाळेला निघाले तर ती हातात खराटा घेऊन रस्ता झाडत होती. आपल्या दारापुढचा नव्हे, सबंध रस्ता. नदीकडून सुरुवात करून ती चावडीपर्यंत पोचली होती आणि तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत धुळीने माखलं होतं. रघुनाथशेठ दुकानाच्या दारात उभे राहून पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना लाज वाटली आणि त्यांनीही खराटा घेतला.

मग ती दुकानादुकानांत गेली. सगळ्यांनी नऊला उघडायचं. दुपारी जेवायला गेलं तरी फळी लावायची नाही, घरातलं कोणीतरी बसवायचं. बंद दुकानांच्या फळ्यांना गेरू लावायचा. "उघडं नसलं तरी मेलेलं दिसायला नको," ती म्हणायची. लोक तिला नाही म्हणत नसत. सगळ्यांच्या आयाबायकांचे हात तिने हातात घेतलेले होते.

संक्रांतीच्या आधीच्या बुधवारी तिने वाणाचा बाजार भरवला. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर ती स्वतः फिरून आली होती. त्या दिवशी पेठ भरली. सुगडं, तिळगूळ, फण्या, करंडे. बायकांनी रस्ता फुलून गेला, सुपडूआप्पाची भजी दुपारीच संपली, आणि रघुनाथशेठ गादीवरून उठून गिऱ्हाइकांना स्वतः पाणी देत होते. जिजीच्या ओट्यावर रांग लागली होती. संध्याकाळी ती माझ्याकडे वर आली, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "पाह्यलं ना? लोके येतस. बोलावलं तर येतस."

पुढच्या बुधवारी कोणीही आलं नाही. जिजी नऊपासून सहापर्यंत ओट्यावर बसली होती.

तेव्हा तिच्या मनाने घेतलं की हे सगळं एसटीमुळे झालं. गाडी आत आली की माणूस आत येईल. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ती आशा इतकी चिवट झाली. अर्ज मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं, आणि पेठेसाठी माझ्या हातून जे झालं ते एवढंच. सात-आठ अर्ज तरी मी लिहिले असतील. जिजी खाली डाव्या कोपऱ्यात सही करायची, तीही मीच शिकवलेली. पेठेतल्या सगळ्यांच्या सह्या ती फिरून आणायची, बंद झालेल्या दुकानदारांच्यासुद्धा.

शेवटी डेपोतून एक साहेब आले. भला माणूस होता. त्यांनी पारापर्यंत चालत येऊन दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाले, "आजी, गाडी वळणार कुठे? तुमचे सगळ्यांचे ओटे रस्त्यावर आलेत. आता गाड्याही लांब झाल्यात. ओटे मागे घ्या, मी एक फेरी चालू करून देतो. सकाळी दहाची. प्रवासी मिळाले तर राहील."

साहेब गेल्यावर रस्त्यात सगळे जमले. ओटे तोडायचे म्हटल्यावर जो तो दुसऱ्याच्या ओट्याकडे बघू लागला. रघुनाथशेठ म्हणाले, "जिजी, आधी गाडी येऊ दे, मग पाहू."

जिजी आत गेली आणि पहार घेऊन आली. तिचा ओटा काळ्या दगडाचा, बसून बसून गुळगुळीत झालेला. पहिला घाव तिने घातला, पण दगड हलला नाही. दुसरा घातला. मग सुपडूआप्पाने तिच्या हातून पहार काढून घेतली. संध्याकाळपर्यंत ओटा नव्हता. दुकान एकदम उंचावर गेलं, आणि आत चढायला तिने एक लाकडी स्टूल ठेवलं. पाराच्या बाजूच्या बाकीच्यांनीही आठवड्याभरात ओटे काढले. काहींनी अर्धेच काढले.

मी तिला विचारलं, "बायका आता कुठे बसतील गं?"

"गाडी येऊ दे," ती म्हणाली. "गाडीतून उतरतीन त्या आत येऊन बसतीन."

गाडी आली तो रविवार होता, म्हणून मला पाहायला मिळालं. चावडीकडून हॉर्न ऐकू आला आणि जिजी स्टुलावरून जवळजवळ उडी मारून रस्त्यात आली. "उनी वं, गाडी उनी!" ती मला खालून ओरडून सांगत होती, जणू मला दिसत नव्हती. ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातला, चाकापुढे नारळ फोडला. गाडी पाराला वळसा घालून अगदी सहज वळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गाडी थांबून राहिली, आणि हळूहळू आमच्या लक्षात आलं की चढायला कोणी नाही. सगळे पाहायला आले होते. रघुनाथशेठना तेव्हा कुठे जायचं नव्हतं. मलाही नव्हतं.

जिजी चढली. फाट्याचं तिकीट काढलं.

त्यानंतर ती रोज चढायची. दहाला गाडी आली की दुकान सुपडूआप्पाच्या बायकोकडे देऊन फाट्यापर्यंत जायची आणि तिथून चालत परत यायची. मला हे पंधरा दिवसांनी कळलं, कारण मी त्या वेळी शाळेत असायचे. फक्त हॉर्न ऐकू यायचा आणि बरं वाटायचं. पेठेतल्या माणसांना सटाण्याला, मालेगावला जायचं असलं तरी ते फाट्यावर चालत जाऊन काळीपिवळी पकडत. जीप दर दहा मिनिटांनी मिळायची. एसटीची वाट पाहत पाराखाली उभं राहणं कोणाला परवडणार होतं?

पुढच्या रविवारी मी जिजीबरोबर गाडीत बसले. सुपडूआप्पालाही तिने ओढून आणलं होतं. आम्ही तिघं आणि कंडक्टर. तो तरुण मुलगा होता. तिकीट फाडून झाल्यावर तो जिजीच्या पुढच्या बाकावर वळून बसला.

"मावशी, फाट्यावर रोज काय काम असतं?"

"राहतं काही ना काही."

"मी मागच्या काचेतून बघतो ना. तुम्ही उतरता आणि तशाच माघारी चालायला लागता." तो थोडा थांबला. "मावशी, तुमच्या एकीमुळे ही फेरी टिकणार नाही. मला रोज कागदावर लिहावं लागतं किती माणसं. ऊन किती आहे बघा. नका येत जाऊ."

जिजी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आज तीन माणसं शेत. लिही तीन."

फाट्यावर उतरून आम्ही तिघं चालत परत निघालो. अर्ध्या वाटेत सुपडूआप्पा एका बाभळीखाली बसले आणि म्हणाले, "जिजी, मी म्हातारा माणूस शे. मले उद्या नको सांगू."

सहा आठवडे गाडी आली. मग एका सोमवारी दहाला हॉर्न वाजला नाही. मी फळ्यावर उदाहरण लिहीत होते, हात थांबला. मुलांना काही कळलं नाही. संध्याकाळी पेठेत आले तर सुपडूआप्पाने सांगितलं, जिजी एक वाजेपर्यंत पाराखाली उभी होती. पत्र वगैरे काही आलं नाही. फेरी बंद झाली हे कोणी कळवायची गरजही नव्हती.

मी म्हटलं, "आणखी एक अर्ज लिहू का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "काय लिहशील त्यात?" ती म्हणाली.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी रघुनाथशेठ एका संध्याकाळी जिजीच्या दुकानात आले. स्टुलावर न चढता खालीच उभे राहिले. डोकं तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर. "जिजी, पोरं ऐकत नाहीत. फाट्यावर गाळा घेतलाय."

"पोरं खरं बोलतात, रघुनाथभाऊ."

"हे दुकान मी चालूच ठेवतो. निदान सकाळी उघडतो."

"ठेवा."

ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत होतं. फाट्यावरच्या दुकानाच्या मुहूर्ताला पेठेतलं कोणी गेलं नाही. जिजी गेली. मला बरोबर घेऊन गेली. काचेची दारं, आत ट्यूबलाइट, भिंतीत आरसे. तिने रघुनाथशेठच्या धाकट्या सुनेला आत बसवून डझनभर हिरव्या बांगड्या भरल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पेढा घेतला. परत येताना ती माझ्यापुढे चालत होती, झपझप, आणि मी हाक मारली तरी वळली नाही.

मीही पेठ सोडली. ते लपवण्यात अर्थ नाही. लग्न झालं, मूल झालं, आणि पेठेत नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. फाट्याजवळ शिक्षकांची कॉलनी झाली होती. तिथे पाणी रोज. जिजीला सांगायला मी आठवडाभर शब्द जुळवत होते. तिने ते पूर्ण ऐकूनही घेतले नाहीत.

"जाय वं. लेकरू शे घरात. पानी रोज येस तठे." आणि माझ्या मुलीच्या हातात तिने काळ्या मण्यांची मनगटी बांधली.

आमच्या टेम्पोत सामान चढवायलाही तिनेच मदत केली. मी नंतर जात असे तिच्याकडे; आधी दर आठवड्याला, मग दर महिन्याला, मग सणावाराला. कॉलनीतून फाट्यावरचं सगळं जवळ होतं. एकदा घाईत मी तिथल्याच दुकानातून बांगड्या घेतल्या, खोक्यात बांधून. त्या घालून पेठेत जायचं नाही हे लक्षात ठेवावं लागे.

प्रकाश नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत लागला होता. तो दर महिन्याला येऊन आईला चल म्हणायचा. मला सांगायचा, "बाई, तुम्ही तरी समजवा. तिथे बसून ती काय राखते?" मी एकदा समजावून पाहिलं. जिजी म्हणाली, "मी बंद केलं तर त्या येतीन आणि पाहतीन की बंद शे." त्या म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. निळे वळ असलेली ती मुलगी मात्र येत नव्हती. तिच्याविषयी जिजीला काही कळत नसे. घरातून निघायला तिला बाजाराचं निमित्त होतं, आणि फाट्यावरच्या बाजाराला आता तिचा नवरा मोटरसायकलवर एकटाच जायचा.

मग जिजीचा हात कापायला लागला. उजवा. चहाचा कप धरताना दिसायचं, पण ती दुसऱ्या हाताने सावरून घ्यायची. एका लग्नसराईत गावातल्या एका मुलीचा चुडा भरायचा होता. तिच्या आजीचा हट्ट, चुडा जिजीच्याच हातचा पाहिजे. मीही होते तिथे. अंगणात पाट मांडला होता, बायका भोवती जमल्या होत्या. जिजीने तेल लावलं, पंजा दाबला, बांगडी पेरांवर आणली आणि विचारायला तोंड उघडलं. हात थरथरला. काच तडकली. मुलीच्या अंगठ्याखाली रक्ताची बारीक रेघ उमटली.

मुलगी स्वतःच म्हणाली, "काही नाही जिजी, लागलं नाही." जिजीने रक्त आपल्या पदराने पुसलं, राहिलेल्या बांगड्या पेटीत नीट मांडल्या आणि मुलीच्या मावशीला म्हणाली, "तू भर. मी सांगते कसं." मग ती शेजारी बसून सांगत राहिली, अंगठा आत घे, थोडं वळव, घाई नको. चुडा भरून झाला. निघताना आजीने तिला साडी दिली. जिजी ती घेऊन उभी राहिली, जणू कोणाची आहे ते तिला कळत नव्हतं.

त्यानंतर तिने कोणाला बांगड्या भरल्याचं मला आठवत नाही. दुकान मात्र उघडायची.

माझी बदली मनमाडजवळ झाली. पेठेतली बंद दुकानं एकेक करून कांद्याच्या व्यापाऱ्यांनी भाड्याने घेतली, रिकाम्या गोण्यांचं बारदान ठेवायला. रघुनाथशेठचंही. सुपडूआप्पा वारले. हे सगळं मला पत्रांतून, फोनवरून कळत होतं आणि प्रत्येक वेळी मी ठरवत होते की एकदा जाऊन यायचं.

गेले ते स्वतःच्या कामासाठी. सेवापुस्तकात एक नोंद राहून गेली होती, तिच्यासाठी जुन्या शाळेत जावं लागलं. काम दुपारी दोनला संपलं. तीनची जीप धरायची होती, घरी मुलगी तापाने पडली होती. तरी मी पेठेतून वाट काढली. चैत्रातलं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना कुलपं, बारदानाचा कोंदट वास.

एकच दुकान उघडं होतं. जिजी आत प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. खूप वाळली होती. मान एका खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडं. एक माशी तिच्या गालावर बसत होती आणि उठत होती. मी खाली रस्त्यात उभी राहिले. हाक मारली असती तर ती उठली असती, आणि उठल्यावर तिने विचारलं असतं, काय खबर? गाव सोडून गेलेल्या प्रत्येकाला ती हेच विचारायची. मला देण्यासारखी एकही खबर आठवेना.

मी पाच मिनिटं उभी होते. मग जीप निघून जाईल म्हणून वळले. कोपऱ्यावरून मागे पाहिलं तेव्हा तिने झोपेतच हात उचलून गालावरची माशी हाकलली. हात पुन्हा मांडीवर पडला.

श्रावणात प्रकाशचा फोन आला, जिजी गेली म्हणून.